आधी वह्या टेबलावर: शिक्षकांनी मिळून अभ्यासक्रम कसा जुळवावा

एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या. पुस्तक एक, परीक्षा एक. एका तुकडीत ३/८ आणि १/४ यांची तुलना छेद समान करून शिकवली जाते, शेजारच्या तुकडीत तिरकस गुणाकार करून. दोन्हीकडे उत्तर बरोबर येतं आणि दोन्हीकडे 'घटक पूर्ण' अशी नोंद होते. पुढच्या वर्षी तुकड्यांची फेररचना होते, अपूर्णांकांची बेरीज सुरू होते आणि अर्ध्या वर्गाला समान छेद कशासाठी काढायचा हेच कळत नाही. तिरकस गुणाकार शिकलेल्या मुलांना त्याची गरज कधी पडलेलीच नसते. नव्या शिक्षकांना वाटतं, मुलांचा पाया कच्चा आहे. मुलांनी मात्र जे शिकवलं गेलं ते नीट शिकलेलं असतं. मागच्या वर्षी दोन शिक्षकांचं एकमेकांशी बोलणं तेवढं राहून गेलेलं असतं.

अभ्यासक्रमाचे तीन थर मानले जातात: कागदावर ठरवलेला, वर्गात प्रत्यक्ष शिकवलेला आणि मुलांमध्ये उतरलेला. आयईए या, देशोदेशींच्या शिक्षणाचं तुलनात्मक मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय गणित अभ्यासांमुळे ही विभागणी रूढ झाली. जुळवणी म्हणजे हे तीन थर एकमेकांवर नीट बसवणं. पहिला थर तपासायला कागद पुरतो, तिसऱ्यासाठी मुलांनी लिहिलेलंच पाहावं लागतं. नियोजनाचे तक्ते सुंदर रंगवूनही पुष्कळ शाळांत काही बदलत नाही, याचं कारण बैठकीत तक्ते असतात, वह्या नसतात. खाली दिलेल्या प्रत्येक पायरीवर वही किंवा उत्तरपत्रिका येते ती त्यासाठीच.

गट आणि वेळ

गट तीन ते सहा जणांचा ठेवा. दोघांत मतभेद झाला तर तोडगा निघत नाही आणि सहाच्या वर गेलात की दोघंतिघं नुसते बसून राहतात. एकाच इयत्तेला एकच विषय शिकवणारे शिक्षक हा गटाचा गाभा. त्यात खालच्या इयत्तेचे एक आणि वरच्या इयत्तेचे एक असे दोघं महिन्यातून एकदा यावेत. शाळा लहान असेल आणि विषयाला एकच शिक्षक असेल, तर लागोपाठच्या दोन-तीन इयत्तांचा गट करा, किंवा दुसऱ्या शाळेतल्या त्याच विषयाच्या शिक्षकांशी जोडून घ्या. उत्तरांचे फोटो पाठवून फोनवर चर्चा करता येते. नावं झाकून फोटो काढायचे, एवढं पथ्य पाळा.

वेळ वेळापत्रकातच हवी: आठवड्यातून एक तासिका, साधारण ५० मिनिटं, ठरलेल्या वारी. 'शाळा सुटल्यावर बसू' हे दुसऱ्या महिन्यात बंद पडतं, कारण तेव्हा सगळेच थकलेले असतात आणि प्रत्येकाला घरी पोचायची घाई असते. वेळापत्रक करतानाच गटातल्या सगळ्यांची एक तासिका एकत्र मोकळी ठेवली तर वर्षभर बदलीवर शिक्षक शोधावे लागत नाहीत. सूचना, परिपत्रकं, सहलीचं नियोजन यातलं काहीही या तासिकेत घ्यायचं नाही. एकदा घेतलं की पुढे तेच होत राहतं.

पहिल्या वर्षी एक विषय आणि त्यातले दोन ते तीन घटक घ्या. सगळे विषय एकदम घेतले की काम फायलीपुरतं उरतं.

पायरी १: काय आलंच पाहिजे ते ठरवा

वर्षभराच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवं याची विधानं, मोजल्या तर एका विषयात पंचवीस-तीस सहज भरतात. सगळ्या शिकवायच्या असतात, पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. गटाने त्यातल्या आठ ते दहा गाभ्याच्या निवडाव्यात. प्रत्येक निष्पत्तीला तीन प्रश्न विचारा. ही परीक्षेनंतरही उपयोगी राहील का? पुढच्या इयत्तेत हिच्यावाचून अडेल का? दुसऱ्या एखाद्या विषयाला ही लागते का? तिन्हींना 'हो' असेल तर ती गाभ्याची. समान छेद, दशांश अपूर्णांकांची तुलना, मुद्दा मांडून त्याला आधार देणारा परिच्छेद लिहिणं, आलेखावरून निष्कर्ष काढणं, ही अशी कामं.

आधी प्रत्येकाने एकट्याने निवड करावी, मग याद्या समोरासमोर ठेवाव्यात. थेट चर्चेने सुरुवात केली तर ज्येष्ठ शिक्षक म्हणतील ते ठरतं आणि बाकीचे मान डोलावतात.

निवड झाली की प्रत्येक निष्पत्तीची खोली ठरवायची. 'अपूर्णांकांची तुलना करतो' हे वाक्य दहा शिक्षक दहा प्रकारे वाचतील. अमेरिकी शिक्षण संशोधक नॉर्मन वेब यांनी १९९७ मध्ये मांडलेले विचारखोलीचे चार स्तर इथे कामी येतात: आठवणं, संकल्पना वापरणं, कारणं देत विचार करणं आणि बरेच दिवस चालणारं विस्तृत काम. पहिल्या तीन स्तरांना एकेक प्रश्न लिहून पाहा:

- पहिला स्तर: ३/८ या अपूर्णांकाचा छेद कोणता?
- दुसरा स्तर: ३/८ आणि १/४ यांतला मोठा कोणता? चित्र काढून दाखवा.
- तिसरा स्तर: एक मुलगी म्हणते, 'छेद मोठा असेल तर अपूर्णांक लहान असतो.' तिचं म्हणणं कधी खरं ठरतं आणि कधी ठरत नाही? प्रत्येकी एक उदाहरण द्या.

आता गटाला विचारा, 'घटक संपल्यावर आपल्या मुलांना यातला कुठला प्रश्न सुटला पाहिजे?' उत्तरं वेगवेगळी येतील. तो मतभेद त्याच बैठकीत मिटवला तर पुढचं निम्मं काम सोपं होतं. क्रियापदाकडेही लक्ष द्या. 'समजतो', 'जाणतो' यांतून वहीत काय दिसायला हवं ते कळत नाही. 'क्रम लावतो', 'कारण लिहितो', 'चूक शोधून दुरुस्त करतो' यांतून कळतं.

पायरी २: शिकवण्याआधी चाचणी लिहा

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाबद्दल चार प्रश्न मांडले: हेतू काय, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कसे रचायचे आणि हेतू साध्य झाला हे कसं ओळखायचं. सवयीने आपण चौथा प्रश्न शेवटी, बहुधा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हातात घेतो. तो पहिल्या प्रश्नाला लागूनच घ्या. घटक सुरू होण्याच्या किमान एक आठवडा आधी सर्व तुकड्यांसाठी पाच ते आठ प्रश्नांची एक समान चाचणी तयार हवी, वीस मिनिटांत सुटेल एवढी. संविधान तक्ता, म्हणजे चाचणीचा आराखडा, छोटाच करा: आडव्या ओळींत निष्पत्ती, उभ्या रकान्यांत खोलीचे स्तर, आणि चौकटीत प्रश्न क्रमांक. तिसऱ्या स्तराचा रकाना रिकामा दिसला तर तिथेच थांबून एक प्रश्न घाला.

प्रश्न निवडताना एक गोष्ट हमखास चुकते. मूल चुकीच्या विचाराने बरोबर उत्तरापर्यंत पोचतं आणि प्रश्नाला ते पकडता येत नाही. दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. काही मुलांना वाटतं, जास्त अंक म्हणजे मोठी संख्या. ती ०.४५ ला ०.६ पेक्षा मोठं ठरवतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. आता चाचणीत '०.४५ आणि ०.३ यांतला मोठा कोणता' असा प्रश्न असेल तर हेच मूल ०.४५ लिहून पूर्ण गुण घेतं. उलट काही मुलांना वाटतं, शतांश हे दशांशापेक्षा लहान तुकडे, म्हणून जास्त अंकांची संख्या नेहमी लहान. ती मुलं ०.६ आणि ०.४५ या जोडीत बरोबर येतात, पण ०.३ ला ०.४५ पेक्षा मोठं म्हणतात. म्हणून तीन जोड्या लागतात: पहिली चूक पकडायला ०.६ आणि ०.४५, दुसरी पकडायला ०.३ आणि ०.४५, आणि शेवटच्या शून्याचा अर्थ कळला आहे का हे पाहायला ०.५ आणि ०.५०. या तीन ओळींवरून कोणत्या मुलाला काय वाटतं हे बरंचसं वाचता येतं. एकाच छापाची दहा उदाहरणं घालूनही ते कळलं नसतं.

प्रश्न ठरला की गटातल्या प्रत्येकाने तो स्वतः सोडवायचा आणि मुलं काय चुकीचं लिहितील त्याची दोन-तीन उत्तरं शेजारी लिहायची. एकही चुकीचं उत्तर सुचत नसेल तर एकतर प्रश्न फार सोपा आहे किंवा मुलं कशी विचार करतात हे गटाला अजून पाहायचं आहे. दोन्ही परिस्थितींत मागच्या वर्षीच्या वह्या काढा.

पायरी ३: क्रम आणि दिनदर्शिका

आधी खऱ्या तासिका मोजा. समजा ३६ आठवडे आणि आठवड्याला ५ तासिका, म्हणजे १८०. परीक्षा, उत्तरपत्रिकांवरची चर्चा, कार्यक्रम यांत ३० गेल्या असं धरा. उरल्या १५०. त्यातल्या १५ टक्के, म्हणजे सुमारे २२ तासिका, राखीव ठेवा. हाती १२८ आल्या. गाभ्याच्या दहा निष्पत्तींना प्रत्येकी आठ ते नऊ दिल्या तर ८० ते ९० लागतात आणि बाकीच्या सगळ्यांसाठी चाळीसच्या आसपास उरतात. हा हिशेब मांडला की काय थोडक्यात घ्यायचं हे ठरवणं भाग पडतं. राखीव तासिका वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा ठेवू नका. प्रत्येक गाभ्याच्या घटकानंतर दोन ठेवा. त्या नसतील तर पायरी ६ मधलं फेरअध्यापन कधीच होत नाही.

मग एका मोठ्या कागदावर वरच्या बाजूला महिने आणि डाव्या बाजूला विषय लिहा. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपले घटक छोट्या चिकटपट्ट्यांवर लिहून लावायचे. पट्ट्या अशासाठी की त्या हलवायच्याच आहेत. आता शोधायचं ते एकाला दुसऱ्याचं लागणारं सामान. विज्ञानात घनता काढायला दशांशांचा भागाकार लागतो. नकाशाचं प्रमाण वाचायला गुणोत्तर लागतं. तापमानाचा आलेख काढायला अक्ष आणि प्रमाण घेणं यावं लागतं, शून्याखालचं तापमान असेल तर ऋण संख्याही. हे गणितात डिसेंबरमध्ये आणि विज्ञानात ऑगस्टमध्ये असेल तर विज्ञानाच्या बाईंना अर्धी तासिका भागाकार शिकवण्यात घालवावी लागते, तीही घाईत आणि बहुधा वेगळ्या पद्धतीने.

कोणी हलायचं याला एक साधा नियम ठेवा: ज्या विषयात संकल्पना पहिल्यांदा उभी राहते तो विषय जागेवर राहतो, वापरणारा विषय त्यानंतरच्या महिन्यात सरकतो. वापरणाऱ्याला सरकणं अशक्य असेल, तर पायाभूत घटकातला गरजेपुरता भाग दोन तासिकांत आधी घ्यायचा आणि तो गणिताच्या शिक्षकांनीच घ्यायचा.

तुकड्यांमध्ये रोजचा पाठ एकाच पानावर असायची गरज नाही. समान चाचणी सगळ्या तुकड्यांत तीन दिवसांच्या आत व्हावी, एवढं बंधन पुरतं. त्याहून घट्ट बांधलं तर मागे पडलेला वर्ग ओढला जातो आणि शिक्षक मुलांऐवजी तारखेकडे बघू लागतात.

पायरी ४: शब्द जुळवा

या पायरीला नियोजनात सहसा जागाच मिळत नाही, आणि आमच्या मते मुलांचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

फळ्यावर लिहा: ८ + ४ = □ + ५. चौकटीत ७ येतात. पुष्कळ मुलं १२ लिहितात, काही १७. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली ते सहावीतल्या दहा टक्क्यांहूनही कमी मुलांना हे बरोबर आलं होतं. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पहिल्या इयत्तेपासून चौकट कायम उजवीकडे शेवटी असते, आणि आपण वाचतो 'आठ अधिक चार बरोबर किती?' त्यामुळे 'बरोबर' हा शब्द मुलाला 'आता उत्तर लिही' असा ऐकू येतो. पुढे समीकरणं शिकताना हेच मूल दोन्ही बाजू समान आहेत हे मानायला तयार नसतं. त्यात आपणही फळ्यावर ५ + ३ = ८ × २ = १६ अशी साखळी लिहून जातो, जिथे पहिलंच 'बरोबर' खोटं असतं. उपाय खर्चाचा नाही: खालच्या इयत्तांत आठवड्यातून दोनदा चौकट डावीकडे किंवा मध्ये द्यायची, १२ = ८ + ४ असंही लिहायचं, आणि सगळ्या इयत्तांत चिन्ह वाचताना 'दोन्हीकडे सारखं' हे शब्द वापरायचे. एका शिक्षकाने हे करून भागत नाही; पुढच्या बाईंनी पुन्हा 'उत्तर किती आलं' सुरू केलं की सवय परत येते.

असेच काही नियम खालच्या वर्गात खरे असतात आणि वरच्या वर्गात मोडतात. वरच्या आणि खालच्या इयत्तांचे शिक्षक एकत्र बसतील त्या महिन्यात अशा नियमांची यादी करा. नमुना:

- 'दहाने गुणताना शेवटी शून्य लावा.' यातून २.५ × १० = २.५० येतं. त्याऐवजी 'प्रत्येक अंक डावीकडे एक घर सरकतो' असं स्थानांच्या तक्त्यावर दाखवा.
- 'गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं.' ८ × १/२ हे ४ आणि ६ ÷ १/२ हे १२ आल्यावर मूल स्वतःचं बरोबर उत्तर खोडतं. हा नियम कुठल्याच इयत्तेत सांगू नका.
- 'लहान संख्येतून मोठी वजा होत नाही.' ऋण संख्यांत तर हा मोडतोच, पण त्याआधीही घात करतो: ५२ − ३८ करताना मूल एककांत ८ मधून २ वजा करतं आणि २६ लिहितं. 'एककात दोनच आहेत, एक दशक सुटा करू' असं म्हणा.
- 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.' ३क्ष = १२ यावरून क्ष = १२ − ३ लिहिणारी मुलं या वाक्यातूनच तयार होतात. 'दोन्ही बाजूंना एकच क्रिया' हे लांब वाटतं, पण टिकतं.

भाषा, विज्ञान, समाजशास्त्र यांतही हेच. विज्ञानात 'वजन' आणि 'वस्तुमान' वेगळे, पण एकक सांगताना आपणच किलोग्रॅमला वजन म्हणतो. 'कारणे द्या' या सूचनेला एका विषयात एक ओळ चालते, दुसऱ्यात तीन मुद्दे लागतात, आणि मुलाला वाटतं गुण कापणं शिक्षकांच्या मर्जीवर आहे. 'स्पष्ट करा', 'तुलना करा', 'वर्णन करा', 'कारणे द्या' या चार-पाच सूचनांचा अर्थ सर्व विषयांनी मिळून ठरवा. तुलनेत साम्य आणि फरक दोन्ही हवेत का? कारणाला पुरावा जोडायचा का? ठरलेलं एका पानावर लिहून प्रत्येक वर्गात लावा आणि गुणदान करताना तेच पाळा.

पायरी ५: एक पाठ मिळून घडवा आणि पाहा

जपानमध्ये 'जुग्यो केनक्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. गट एक पाठ मिळून तयार करतो, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात बसून पाहतात आणि त्याच दिवशी चर्चा होते. वर्षातून दोन पाठ असे केले तरी पुरे. घटकातला सर्वांत अडणारा भाग निवडा; छान रंगणारा पाठ निवडलात तर शिकायला काही मिळत नाही.

पाहणाऱ्यांनी मुलांना पाहायचं, शिक्षकाला नाही. प्रत्येकाला तीन-चार मुलं वाटून द्या आणि वर्गात कोण कुठे बसतं त्याचा नकाशा हाती द्या. मूल काय बोललं, काय लिहिलं, कधी खोडलं, कुठे शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं, हे वेळेसह टिपायचं. मुलांना मदत करायची नाही, खुणावायचंही नाही. हा मोह आवरणं शिक्षकाला फार जड जातं, पण मदत झाली की मूल कुठे अडलं ते कायमचं झाकलं जातं.

चर्चेत आधी शिकवणाऱ्याने बोलावं, मग प्रत्येकाने फक्त टिपलेलं वाचून दाखवावं, आणि शेवटी पाठात काय बदलायचं ते ठरवावं. पहिल्या वीस मिनिटांत 'छान झालं' आणि 'असं करायला हवं होतं' या दोन्ही वाक्यांना बंदी ठेवा. पाठाला 'आपला पाठ' म्हणा. तो गटाने लिहिला होता, त्यामुळे चूकही गटाची.

पायरी ६: उत्तरं घेऊन बसा

समान चाचणी झाल्यावर दोन-तीन दिवसांत ही बैठक व्हायला हवी. आठवडा उलटला तर वर्ग पुढच्या घटकात गेलेला असतो. ५० मिनिटांची वाटणी अशी: पहिली ५ मिनिटं प्रश्न पुन्हा वाचणं, १५ मिनिटं गुणदान जुळवणं, १५ मिनिटं उत्तरांचे गठ्ठे, १० मिनिटं निर्णय, ५ मिनिटं नोंद.

गुणदान जुळवण्यासाठी लेखी कारण मागणाऱ्या एका प्रश्नाच्या पाच उत्तरांच्या नावं झाकलेल्या प्रती घ्या. प्रत्येकाने एकट्याने गुण चिठ्ठीवर लिहावेत आणि चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. चार गुणांच्या प्रश्नात एकापेक्षा जास्त फरक पडला तर बोला. 'तीन देऊ या' असा सौदा करून थांबू नका. निकषाचं वाक्य कुठे ढिलं आहे ते शोधून दुरुस्त करा आणि आणखी दोन उत्तरांवर तपासून पाहा.

मग चुकीच्या उत्तरांचे गठ्ठे करा, पण गुणांनुसार नाही, कारणांनुसार. ०.४५ ला मोठं म्हणणारे एका गठ्ठ्यात, ०.३ ला मोठं म्हणणारे दुसऱ्यात, घाईत अंक चुकलेले तिसऱ्यात. तिघांनाही 'दोनपैकी शून्य' असले तरी पुढे करायचं काम वेगळं आहे. पहिल्यांना शंभर चौकटींच्या जाळीवर ६ स्तंभ आणि ४५ चौकटी रंगवून दाखवायच्या. दुसऱ्यांना संख्यारेषेवर ०.३ आणि ०.४ मधली जागा दहा भागांत पाडून त्याच अंतराने पुढे जायला सांगायचं, म्हणजे ०.४५ कुठे पडतं ते दिसतं. तिसऱ्यांना फक्त उत्तर तपासायची सवय हवी.

निर्णयासाठी प्रश्ननिहाय तक्ता ठेवा. तुकडीची सरासरी इथे काही कामाची नाही. सर्वच तुकड्यांत निम्म्याहून जास्त मुलं एका प्रश्नात चुकली तर आधी प्रश्न तपासा, मग गटाने ठरवलेली शिकवण्याची रीत. सगळ्यांनी दोन तासिका नव्या पद्धतीने घ्याव्यात. एकाच तुकडीत चूक असेल तर ज्यांच्या वर्गात जमलं त्यांनी काय केलं ते सविस्तर विचारा, फळ्यावर काय काढलं, कोणता प्रश्न आधी दिला इथपर्यंत. सगळीकडे चार-पाच मुलं असतील तर त्यांचा छोटा गट करून कारणानुसार उपचारात्मक अध्यापन. आणि फरक फुगवून पाहू नका: ३० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ३.३ टक्के. दोन-तीन मुलांच्या फरकावरून कुठली पद्धत श्रेष्ठ हे ठरत नाही.

फेरअध्यापनानंतर सात ते दहा दिवसांनी तीन प्रश्नांची छोटी चाचणी घ्या. संख्या वेगळ्या, कल्पना तीच. दुसऱ्याच दिवशी घेतली तर कालचा पाठ आठवतोय एवढंच कळतं.

कुठे फसतं

सर्वांत मोठा धोका आकड्यांचा. या चाचण्यांचे गुण शिक्षकांच्या मूल्यमापनात, फलकावर किंवा पालकसभेत एकदा जरी गेले तरी पुढच्या वेळी प्रश्न सोपे होतात आणि चुकलेल्या वह्या बैठकीत येत नाहीत. मुख्याध्यापकांनी हे वर्षाच्या सुरुवातीला लेखी सांगावं. त्यांच्याकडून आणखी दोनच गोष्टी हव्या असतात: ती तासिका राखणं, आणि पाठ पाहायला जाणाऱ्या शिक्षकांच्या वर्गावर कोणाला तरी पाठवणं. बैठकीत बसायचं असेल तर तेही एक वही घेऊनच बसावेत.

दुसरी अडचण तक्रारींची. 'घरी अभ्यासच करत नाहीत' हे वाक्य खरं असू शकतं, पण त्यावर गटाला काही करता येत नाही. कोणी ते म्हटलं की बैठक चालवणाऱ्या सूत्रधाराने पुढची उत्तरपत्रिका हातात द्यावी. सूत्रधार दर महिन्याला बदला, नोंद ठेवणाराही. तिसरी अडचण गोडव्याची: सगळे एकमेकांना सांभाळून घेतात आणि चुकीची पद्धत तशीच राहते. वह्या समोर असतील तर बोलणं आपोआप उत्तरांवर येतं, माणसांवर येत नाही.

आणि समान पाठ टाचण सक्तीचं करू नका. निष्पत्ती, समान चाचणी, शब्द आणि गुणदानाचे निकष एवढं सारखं हवं. गोष्ट सांगून सुरुवात करायची की कोड्याने, हे ज्याच्या त्याच्या हातात राहू द्या; वेगवेगळ्या रीतींची तुलना करायला मिळते ती त्यामुळेच.

वर्ष संपताना

पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांसाठी दर विषयाचं एकच पान लिहा. त्यावर गाभ्याच्या निष्पत्तींपैकी कोणत्या पक्क्या झाल्या आणि कोणत्या अर्ध्या राहिल्या, कोणते शब्द आणि आकृत्या मुलांच्या सवयीच्या आहेत, आणि अजून दिसणाऱ्या तीन चुका, प्रत्येकीला एका उत्तराचा नाव झाकलेला फोटो. गुणांची यादी जोडू नका. ती शाळेकडे असतेच. हे पान हातात देऊन अर्धा तास समोरासमोर बसा. नवं वर्ष सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्याच तीन चुकांवरचे तीन प्रश्न नव्या वर्गाला द्या, आणि आलेली उत्तरं गटाच्या पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवा.